छीथू मिस्तरींची किल्ली

छीथू मिस्तरींना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली तर ते मागे वळून बघत नाहीत. बॉनेट उघडलं की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो 'शीः!' आणि त्यापाठोपाठ 'थू!' डॉक्टर नाडी बघतो, मिस्तरी नाक मुरडतात. नाक डावीकडे मुरडलं तर तासाभराचं काम. उजवीकडे मुरडलं की गिऱ्हाईक न विचारता किल्ली टेबलावर ठेवून पायी घरी जातं.

आता, मिस्तरींना घाणीची किळस आहे असं कुणी समजू नये. कोपरापर्यंत ग्रीस माखलेल्या हाताने ते चहा पितात आणि त्याच हाताने कान खाजवतात. त्यांना किळस येते ती चुकारपणाची. चार बोल्टच्या जागी तीन दिसले की त्यांच्या पोटात ढवळतं. क्लिपच्या जागी सुतळी दिसली की जेवण जात नाही. आणि तारेला तार पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणाऱ्या माणसाच्या सात पिढ्यांबद्दल ते जे बोलतात, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

अलीकडे त्यांचे गुडघे त्यांच्यापेक्षा जास्त बोलायला लागले होते. गाडीखाली शिरलं की बाहेर निघायला दोन माणसं लागत. म्हणून महिनाअखेरीला गॅरेजची किल्ली लेकीच्या हातात द्यायची, असं घरात ठरलं. म्हणजे बायकोने ठरवलं आणि मिस्तरींनी मान हलवली. लेक नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली होती. हात सोन्यासारखा. पण मिस्तरींना एक गोष्ट काट्यासारखी टोचत होती: पोरीला कशाची किळसच येत नसे. काहीही दाखवलं की म्हणायची, "चालतंय हो बाबा."

"चालतंय!" मिस्तरी रात्री कुशीवर वळून बायकोला म्हणत. "जिला घाण कामाची घाण वाटत नाही, तिच्या हातात किल्ली म्हणजे माकडाच्या हातात कोलीत."

"तुमचीच लेक आहे. येईल किळस. झोपा आता."

आणि नेमका त्या रविवारी जावयाचा ट्रक आला.

जावई टेकडीवरच्या बांधकामांना पाण्याच्या टाक्या पोचवतो. शेवटचा चढ म्हणजे निसरडी माती आणि सुटी खडी, चारही चाकांनी जोर लावल्याशिवाय ट्रक वर जात नाही. आदल्या दिवशी जावयाने फोर-व्हीलचं बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. पुढची चाकं ढिम्म. मागची जागच्या जागी गरगरली आणि ट्रक टाक्यांसकट उलटा घसरत गटारापर्यंत आला. जावई बचावला. एक टाकी फुटली.

मिस्तरींनी बॉनेट उघडलं.

"शीः!"

ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारा एबीएसचा डबा जिथे असायचा तिथे नुसती भोकं. ब्रेकच्या नळ्या परस्पर एकमेकींना जोडलेल्या. आणि कापलेल्या तारांचा झुबका, त्याला काळी चिकटपट्टी, तिचं सुटलेलं टोक शेंबडासारखं लोंबत होतं. मिस्तरींचं नाक उजवीकडे गेलं ते परत येईना.

"कुणी केलं हे?"

"मीच," जावई म्हणाला. "एबीएसचा दिवा सारखा पेटायचा. म्हटलं, काढूनच टाकू."

मिस्तरींनी तोंड उघडलं. तेवढ्यात दारातून बायको खाकरली. "अहो, जावई आहेत."

आली का पंचाईत! सात पिढ्या जिभेच्या टोकावर आलेल्या, आणि समोर जावई. पण आपल्या भाषेत यावरही सोय करून ठेवलेली आहे. लेकी बोले सुने लागे. मिस्तरींनी सुनेच्या जागी जावई बसवला आणि ते पाना रोखून लेकीकडे वळले.

"काय गं बाई, तुला सांगतो, ऐक. घरात एक आत्या असते. चारही पोरांकडे चक्कर मारून येते. कोण पळतंय, कोण घसरतंय, कोण अडकून पडलंय, सगळी खबर तिच्याकडे. एबीएसचा डबा म्हणजे ही आत्या. चार चाकांना चार सेन्सर, ते तिला सांगतात चाक किती फिरलं. आता आत्या तोंडाळ. तिने दिवा पेटवला, की बाबांनो, एका सेन्सरवर चिखल साचलाय. मग चिखल काढायचा की आत्या?"

"चिखल," लेक पुटपुटली.

"आणि एखादा दीडशहाणा आत्यालाच घराबाहेर काढतो! त्याला वाटतं, गेलं तर ब्रेकचं जाईल. अरे, या ट्रकमधला फोर-व्हीलचा डबा जन्माचा भित्रा! आत्याने चाकांची खबर दिल्याशिवाय तो पुढच्या चाकांना हात लावत नाही. मग बटण दाबा नाहीतर देव पाण्यात घालून बसा!"

बाण जावयावर सोडलेला. पण जावई निवांत, आणि लाल होत होती लेक. मिस्तरींना वाटलं, नवऱ्याची लाज वाटत असेल. त्यांनी आणखी जोर धरला.

"आणि ही पट्टी! ज्या हाताने ही गुंडाळली, तो हात माझ्या गॅरेजच्या कुलपाला लागता कामा नये!"

"बाबा, बास," जावई पुढे झाला. "मी सांगितलं ना, मी..."

"तुम्ही गप्प बसा हो," लेक नवऱ्यावर ओरडली. मग बापाकडे बघून म्हणाली, "यांनी नाही, मी काढलं. घरी, अंगणात. किल्लीचं अडेल म्हणून हे स्वतःवर घेताहेत."

मिस्तरींचा रोखलेला पाना खाली आला.

"तू? नऊ वर्षं माझ्याकडे शिकून?"

"तुमच्याकडे शिकले म्हणूनच. तो सिमेंटवाल्याचा जुना ट्रक आठवतोय? तुम्ही डबा उपटून भंगारात फेकलात आणि म्हणालात, एबीएस म्हणजे नुसते नखरे, काढलं तरी फोर-व्हीलला ढिम्म फरक पडत नाही. मी हातात बॅटरी धरून उभी होते."

मिस्तरींना आठवलं. चांगलंच आठवलं. त्या ट्रकला फोर-व्हीलचा दांडा होता. हाताने ओढायचा, खाटकन लागायचा, कुणाला काही विचारायचं कामच नाही. हे अर्धं त्यांनी सांगितलंच नव्हतं. आणि पुढे ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की त्या ट्रकची चाकं जाम होऊन तो साबणाच्या वडीसारखा घसरायचा, हे तर गिळूनच टाकलं होतं. चार बोल्टच्या जागी दोनच लावून त्यांनी पोरीला ज्ञान दिलं होतं. 'थू' तोंडाशी आलं, पण या वेळी कुणाकडे बघून थुंकावं ते कळेना.

"डबा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"फडक्यात बांधून ठेवलाय. तुमच्यासारखा भंगारात नाही फेकला."

मग तिघं लागली. जावई जुन्या टूथब्रशने सेन्सरवरचा चिखल खरवडत बसला. लेकीने डबा बसवला, नळ्या जोडल्या, ब्रेकमधली हवा काढली. तारा जोडायला मिस्तरी स्वतः ट्रकखाली सरकले, कारण आता लेकीच्या जोडावर भरवसा कोण ठेवणार?

पण गुडघा दुमडेना. मान आखडली. वितळलेल्या सोल्डरचा एक थेंब मनगटावर पडला. तीन तारा नीट झाल्या. चौथीपाशी मिस्तरींनी बाहेर कानोसा घेतला, तार तारेला पिळली आणि खिशातली चिकटपट्टी काढली.

"काय करताय, बाबा?" लेकीचं डोकं खाली आलं.

"काही नाही. आत कोण बघतंय? चालतंय."

"शीः!"

असं खणखणीत 'शीः' त्या गॅरेजमध्ये मिस्तरींशिवाय कुणी उच्चारलं नव्हतं. "निघा बाहेर! काल माझा नवरा गटारात गेला असता असल्याच 'चालतंय'पायी. थू! निघा म्हणते ना!"

जावयाने पाय धरून सासऱ्यांना बाहेर ओढलं. लेक आत शिरली, जोड कापला, सोल्डर केला, वर प्लॅस्टिकची नळी गरम करून आवळली. मिस्तरी जमिनीवर बसून तिचं नाक बघत होते. उजवीकडे मुरडलेलं होतं.

संध्याकाळी टेकडीच्या चढावर जावयाने बटण दाबलं. एबीएसचा दिवा विझलेला. पुढच्या चाकांनी खडी धरली आणि ट्रक न कुरकुरता वर गेला.

खाली उभ्या मिस्तरींनी कमरेच्या दोरीतली किल्ली सोडली आणि लेकीपुढे धरली. महिनाअखेरीला अजून अकरा दिवस होते.

लेकीने किल्ली घेतली, नाकाजवळ नेली.

"शीः! किती चिकट!"

आणि ती बापाच्याच बाहीला खसाखसा पुसली.