काच पांढरी कुणी पाडली

"माफी माग," साहेब म्हणाले. पुण्याहून आलेली दोन गिऱ्हाइकं समोर उभी. टेबलावर दुधासारखी पांढरी पडलेली काच. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "हिनं काच नीट धुतली नाही. जंगलातून आलेली माणसं, यांना स्वच्छता काय कळणार?"

बोईसरच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना छोटा. तापलेल्या काचेवर कथिलाचं द्रावण फवारायचं. थर इतका पातळ बसतो की दिसतसुद्धा नाही, पण त्यातून वीज वाहते. माझं काम फक्त काचा धुण्याचं. साहेब मोठ्या कॉलेजात शिकलेले, तरी त्यांच्या काचा पांढऱ्या पडायच्या.

एकदा ते रजेवर असताना मी फवारून पाहिलं. तव्यावर पाणी शिंपडलं की तवा निवतो. पुन्हा तापेपर्यंत भाकर टाकायची नाही, हे आईनं शिकवलेलं. काचेचंही तेच. थोडं फवारायचं, थांबायचं, मग पुन्हा. काच आरपार राहिली. मीटर लावला, वीज वाहत होती. किती थांबायचं ते वहीत लिहून ठेवलं. आणि ती काच मीच, वेडी, हसत हसत साहेबांना नेऊन दिली. त्यांनी काचेबरोबर पाठवायच्या कागदावर 'बनवणारा' या रकान्यात स्वतःचं नाव टाकलं. मी गप्प बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

तीच काच बघून ही गिऱ्हाइकं आली होती. समोर करून दाखवा म्हणाली. साहेबांनी एका दमात फवारलं, आणि काच पांढरी.

"माफी माग."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"काच मीच धुतली साहेब. पांढरी तुमच्या हातानं झाली. माफी मागनार नाय."

मी दुसरी काच तापवली. वहीत बघत, थांबत थांबत फवारली. गिऱ्हाइकांनी ती उजेडाला धरली, मीटर लावला, आणि साहेबांशी हात मिळवला. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही.

गिऱ्हाइकं गेल्यावर साहेबांनी वही मागितली. आवाज एकदम गोड. आपण सगळे एकाच घरचे, म्हणाले.

"कागदावर माझं नाव लिवा. मंग वही."

त्यांनी मला परत धुवायला लावलं. धुते. पाम गावाहून रोज चालत येते आणि धुते. पांढऱ्या काचा भंगारात जातात, मी बघते. कामावरून काढायचं तर काढा. त्या रकान्यात माझं नाव येत नाही, तोवर दोन फवाऱ्यांमध्ये किती थांबायचं हे माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही.