पुराव्यादाखल जोडलेला कागद

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलत होतात, म्हणून मला अर्धंच कळलं. पण तेवढं पुरे झालं. तुमच्या शाळेत पृथ्वीच्या तापण्याबद्दल एक धडा शिकवला, तो तुमच्या आईला एकतर्फी वाटला, आणि तिनं बाकीच्या पालकांना जमवून शाळेला पत्र पाठवलं. मग तिनं फोन हातात घेतला आणि विचारलं, "अम्मा, तू हसतेस कशाला?" मी हसत नव्हते, मला ठसका लागला होता, असं मी तिला सांगितलं.

म्हणून आज लिहायला बसले आहे. आपल्या घरात शाळेला तक्रारीचं पत्र लिहिण्याची सुरुवात मी केली. तेव्हा तुमची आई दहा वर्षांची होती आणि पत्राचं कारणही तीच होती. तिला ही हकीकत अर्धीच ठाऊक आहे. मी इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही स्वतः वाचलं असतं. मराठीत लिहिलं की देवनागरी येत नसल्यामुळे तुम्हाला आईकडूनच वाचून घ्यावं लागेल. सगळं, मोठ्यानं, एकही ओळ न गाळता. ओळ गाळण्याबद्दल मी असं का म्हणते ते पुढे कळेल.

ते दिवस नवलाचे होते. टीव्हीवर एकाएकी परदेशी वाहिन्या दिसू लागल्या होत्या आणि तंजावूरच्या बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर नव्या वसाहतींच्या पाट्या लागल्या होत्या. कालपर्यंत जिथे भाताची लावणी व्हायची तिथे पिवळे रंगवलेले दगड ओळीनं रोवलेले असायचे. तुमच्या आजोबांनीही दोन भागीदार घेऊन आपल्या घरामागे असे दगड रोवले होते. त्याआधी तिथे लाल मातीच्या लॉऱ्या महिनाभर येत होत्या. माती कशावर पडत होती, हे घरात कुणी बोलत नसे. मीही नाही. मला धुळीचा त्रास होई, म्हणून मी मागच्या खिडक्या बंद ठेवत असे.

तुमच्या आईच्या शाळेत त्या वर्षी एक नवी शिक्षिका आली होती. सगळी मुलं तिला 'मिस' म्हणत. असेल चोवीस-पंचवीस वर्षांची. कालव्याकाठच्या एका गावातून रोज बसनं यायची आणि तिच्या चपलांना कायम चिखल असायचा. तिनं स्वतः लिहून चार पानांचा एक धडा केला होता, 'आपलं पाणी कुठे गेलं?' वरच्या राज्यातून नदीचं पाणी उशिरा येतं, हे त्यात होतं. पण जे येतं ते साठवणारी तळी आपणच बुजवली, असंही होतं. खतांबद्दल होतं, समुद्राकाठी नव्यानं निघालेल्या कोळंबीच्या तळ्यांमुळे गोड्या विहिरी खारट होतात, हे होतं. शेवटी घरी करायचा अभ्यास: घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून आपल्या रस्त्याचा नकाशा काढा आणि जिथे जिथे पूर्वी पाणी होतं ते निळं रंगवा.

आमच्या घरातलं सर्वांत वयस्कर माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. त्या झोपाळ्यावर बसून सांगत गेल्या आणि तुमची आई रंगवत गेली. निळी पेन्सिल संपली तेव्हा तिनं माझ्याकडे दुसरी मागितली, आणि मी दिली. घराच्या मागचा सगळा भाग निळा झाला. त्या निळ्यात तिनं व्यवस्थित पट्टीनं चौकोन आखले आणि खाली लिहिलं, 'माझ्या अप्पांचे प्लॉट.' तिचं अक्षर तेव्हाही सुंदर होतं.

मिसनं तो नकाशा व्हरांड्यातल्या फळ्यावर लावला. पालकांच्या भेटीच्या दिवशी तो सगळ्या गावानं पाहिला. प्लॉट घेऊ पाहणारे एक गृहस्थ त्याच्यासमोर बराच वेळ चष्मा पुसत उभे होते.

त्याच आठवड्यात आमच्या दिवाणखान्यात बैठक भरली. खताच्या दुकानाचे मालक होते, एका पक्षाचे वॉर्डातले पुढारी होते, कोळंबीच्या धंद्यात शिरलेले डॉक्टर होते, आणि तुमचे आजोबा. बोलणं तमिळमध्ये चाललं होतं. मी कॉफी देत होते.

"मुलगा जेवताना विचारतो हो मला!" खतवाले म्हणाले. "'अप्पा, तुम्ही विष विकता का?' पानावर भात, हातात घास, आणि हा प्रश्न!"

"तुम्ही काय सांगितलंत?" तुमच्या आजोबांनी विचारलं.

"म्हटलं, गप जेव."

पुढाऱ्यांचं दुःख वेगळं होतं. "पाणी वरच्यांनी अडवलं. विषय संपला. लहान मुलांना सोपं शिकवावं. त्यात आपला दोष कशाला घुसवायचा? ती बाई दुसऱ्या पक्षाची आहे."

"कशावरून?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्या पक्षाची नाही ना!"

पत्र इंग्रजीत हवं आणि ते मी लिहावं, असं ठरलं. मी तिरुचीच्या नन्सच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि त्या शिक्षणाचा उपयोग आजवर दुधाचा हिशेब आणि आभाराची पत्रं यांपलीकडे झाला नव्हता. मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. मी सात परिच्छेद लिहिले. मुलांवर राजकीय मतं लादली जाऊ नयेत, शेती व उद्योग यांची बदनामी होऊ नये, धड्यात समतोल असावा. 'समतोल' हा शब्द तीनदा आला होता. दोनदा खोडावा असं वाटलं, पण कानाला बरा लागत होता. शेवटच्या परिच्छेदात मिसला 'काढून टाकावं' असं न म्हणता 'जबाबदारीतून मुक्त करावं' असं म्हटलं. माझ्या मते ते सौम्य होतं.

शनिवारी सकाळी मिस घरी आली. पत्राची बातमी तिच्यापर्यंत पोहोचली होती. ती अजून कायम झाली नव्हती. वर्षाच्या मध्ये काढलेल्या शिक्षिकेला गावातली दुसरी शाळा घेणार नव्हती. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि पिशवीतून आपला धडा काढला.

"अम्मा, यातलं कुठलं वाक्य खोटं आहे, तेवढं सांगा. मी खोडते."

"प्रश्न खोट्याचा नाही," मी म्हणाले. "प्रश्न समतोलाचा आहे."

"मग दुसऱ्या बाजूला काय लिहू, अम्मा?"

तिनं खरोखरच पेन काढलं होतं. मी म्हणाले, कॉफी निवते आहे. तिनं कॉफी संपवली, पेला स्वतः धुऊन ठेवला आणि ती बस गाठायला गेली. सासूबाई झोपाळ्यावरून म्हणाल्या, "त्या पोरीला मी सांगितलं ना तळ्याचं. मग मला काढा की घरातून!" मी आणि तुमचे आजोबा, आम्ही दोघंही ऐकलं नाही असं दाखवण्यात तरबेज होतो.

तळंच नव्हतं असं सिद्ध झालं की बाकीचा धडा आपोआप पडेल, असा तुमच्या आजोबांचा तर्क होता. आणि त्यासाठी त्यांच्याकडे कागद होता.

हा कागद तुम्ही पाहिला आहे. दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत आहे तोच. आमच्या मूळ पुरुषानं मोठा पराक्रम केला म्हणून तंजावूरच्या मराठी राजांनी ही जमीन दिली, त्याची ही सनद, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. लिपी मोडी. आमच्या घराला मराठी बोलता येते, तीही तमिळच्या चालीवर. देवनागरी मला येते ती लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून, आणि तुमच्या आईला मी शिकवली म्हणून. आणि मोडी तर चार पिढ्यांत कुणालाच येत नव्हती. चौकटीतून तो कागद वर्षातून एकदाच निघे, सरस्वतीपूजेला. मग तो पुस्तकांबरोबर पाटावर ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं. आणि त्या दिवशी, तुम्हाला माहीतच आहे, पूजेतला कागद वाचायचा नसतो. म्हणजे जो एक दिवस तो हातात येई त्या दिवशी वाचायला मनाई, आणि बाकीचे सगळे दिवस तो काचेमागे, देवासारखा. इतकी चोख व्यवस्था मी दुसऱ्या कुठल्याही घरात पाहिलेली नाही. त्या व्यवस्थेला मीही दरवर्षी कुंकू लावत होते.

आजोबांनी चौकट भिंतीवरून काढली. पत्राच्या तळाशी मी लिहिलं, 'पुराव्यादाखल मूळ राजपत्र सोबत जोडले आहे.'

मुख्याध्यापिका माझ्याहून शिस्तीच्या निघाल्या. त्यांनी उलट विचारलं, "यात काय लिहिलं आहे? न वाचलेला कागद मी फायलीला लावत नाही." त्यांनी राजवाड्याच्या ग्रंथालयात जन्म काढलेल्या एका वृद्ध पंडितांना बोलावलं आणि सगळ्या पालकांना बसवलं. पंडित मोडी वाचून मराठीत सांगणार. पण हॉलमधल्या बहुतेकांना मराठी येत नव्हती. तेव्हा दोन्ही भाषा जाणणारं कुणी भाषांतराला हवं होतं, आणि मी उभी राहिले. अभिमानानं उभी राहिले. मिस मागच्या भिंतीला टेकून उभी होती. तिनं पर्स छातीशी धरली होती, आत्ताच निघायचं असल्यासारखी.

पंडितांनी भिंग काढलं. पहिल्या चार ओळी नमस्कार आणि बिरुदांच्या होत्या; मी त्या छान केल्या. मग त्यांनी सावकाश वाचलं, "घरामागील तळें सदरहू कुटुंबाचे हवालीं केलें असे."

पराक्रम कुठेच नव्हता. आमचा मूळ पुरुष तळ्याची राखण करणारा कामदार होता.

"जमिनीबद्दल सर्वसाधारण उल्लेख आहे," मी तमिळमध्ये सांगितलं.

पंडित थांबले. त्यांचं बोट ओळीवर होतं. मला ऐकू आलं नाही असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी तीच ओळ मोठ्यानं पुन्हा वाचली. मी म्हणाले, "जमीन आणि पाणी, दोहोंबद्दल." त्यांनी तिसऱ्यांदा वाचली, आता जवळजवळ ओरडून, आणि मग स्वच्छ तंजावुरी तमिळमध्ये मला समजावलं, "अम्मा, हे वाक्य राहतंय तुमचं. झाल्याशिवाय मी पुढे कसा जाऊ?" तिथेच जन्मलेला माणूस, त्यांना तमिळ येणारच. हा विचार उभं राहण्याआधी मला सुचला नव्हता.

बोट हलेना. मी मागे पाहिलं. मिसनं पर्सवरची पकड सोडली नव्हती. तिला अजून काहीच कळलं नव्हतं, कारण कळवायचं काम माझं होतं. नन्सनी मला भाषांतर शिकवलं तेव्हा एक वाक्य गाळलं की आख्खं पान परत लिहायला लावत. मी घसा साफ केला आणि ते वाक्य केलं. मग पुढचं. मग सगळं: दरसाल नवं पाणी यायच्या आधी गाळ काढावा, पायऱ्या दुरुस्त राखाव्यात, माणसांना नि गुरांना वाट मोकळी ठेवावी. तळं राखाल तोवर जमीन तुमची. तळं बुजवाल तर जमीन सरकारजमा.

पुढारी तुमच्या आजोबांकडे वाकून म्हणाले, "घाबरू नका. ते सरकार पडलं."

खतवाले इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. त्यांनी माझं पत्र घडी करून माझ्या हातात दिलं. "पुरावा उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "फक्त तो मिसच्या धड्याला जोडावा लागेल." आणि हॉलच्या मागे पाहून, "तुम्ही सोमवारी पहिल्या तासाला आहात ना?" मिसनं मान हलवली. मग तिनं पर्स खाली ठेवली.

आम्ही सुधारलो, असं तुम्हाला वाटू नये. प्लॉट विकले गेलेच. शाळेनंही धड्याच्या शेवटी एक ओळ वाढवली, 'तळ्यांबाबत वेगवेगळी मतं असू शकतात.' ती ओळ माझ्या पत्रातली होती. छापून आलेलं माझं तेवढंच लिखाण. मिस पुढच्या वर्षी कायम झाली, आणि नंतर ओरत्तनाडुकडे सरकारी शाळेत गेली. जाताना निरोप घ्यायला आली तेव्हा सासूबाईंनी तिला जवळ बसवून आणखी दोन तळी सांगितली. कार्तिकातल्या पावसात आपल्या मागच्या वसाहतीत गुडघाभर पाणी साचतं, तेव्हा तिथले लोक नगरपालिकेला पत्र लिहितात. चांगलं लिहिता येतं म्हणून माझ्याकडे येतात. मी लिहून देते.

तुमच्या आईनं तिकडे पत्र लिहिलं, त्यात तिची चूक आहे की धड्याची, हे मला इथून कळत नाही. धडा खरंच वाईट असेल. मी फक्त एवढं विचारते, की तिनं पत्राबरोबर काय जोडलं आहे, आणि ते तिनं वाचलं आहे का?

कागद भिंतीवर आहे. त्याच्या खाली मी टाइप केलेलं भाषांतर आहे, पूर्ण. निळा नकाशा माझ्या कपाटात आहे. आणि मागच्या अंगणाच्या टोकाला तळ्याच्या चार दगडी पायऱ्या आहेत. त्या मातीत उतरतात. मी त्यांच्यावर तांदळाच्या पिठाचे वडाम वाळत घालते.