लांडगीण काय म्हणाली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मी — ज्याला झाशीतली मराठी मंडळी गणपतीत खुर्ची देऊन बसवतात आणि 'भैया, काहीतरी रंगवून सांगा' म्हणतात, तो मी. वाघाची डरकाळी काढतो, अस्वलासारखा चालून दाखवतो, लोक हसून लोळतात. पण ही गोष्ट जिभेवर आली की — छे, येऊच देत नाही.

अकरा वर्षांचा होतो. प्रेम नगरात आम्ही आणि काका-काकू एकाच घरात. काकूला मूल नव्हतं, म्हणून सागर गावी राहणाऱ्या काकांच्या चुलत भावाचा मुलगा विनू दत्तक आणलेला. तो येण्याआधी दुधावरची साय माझी होती. काकूची मांडीही. हसू आलं ना? मलाही यायचं — पूर्वी.

विनू सहा वर्षांचा झाला आणि सागरहून पत्र आलं. त्याच्या जन्मदात्या आईचा थोरला मुलगा तापानं गेला होता. विनूला परत द्या, असं तिनं लिहिलं होतं. काका म्हणाले, तू ठरव. काकू आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही. मग एका दुपारी आम्हा दोघांना सिनेमाला घेऊन गेली. लांडग्यांनी वाढवलेल्या मुलाचा सिनेमा, जुना, इंग्रजी. आमच्यात इंग्रजी मला एकट्याला यायचं. काकूच्या कानाशी लागून मी सगळं मराठीत सांगत होतो, प्रत्येक जनावराचा आवाज काढून. काय रंगलो होतो मी!

मग रानातली पंचायत बसली. सगळे म्हणतात, पोराला माणसांत परत धाडा. लांडगीण त्याला पोटाशी घेते आणि सांगते की मी देणार नाही. मला समजलं होतं — अगदी नीट समजलं होतं. काकूनं विचारलं,

"काय म्हणते रे ती?"

"ज्याचं त्याला द्यावं, म्हणते."

पुढे तो मुलगा गावात जातोच, त्यामुळे माझं खोटं पडद्यावर खपून गेलं.

सिनेमा बघून का कुणी पोर देतं? हे मी स्वतःला किती वेळा विचारलंय. पण सिनेमा सुटल्यावर ओरछा गेटपासून घरापर्यंत काकू तेच वाक्य पुटपुटत होती, विनूचं मनगट धरून. ते मी ऐकलं. तरी चालत राहिलो.

पुढच्या आठवड्यात विनूला सागरला पोचवलं. साय पुन्हा मला मिळू लागली. मी ती खाल्ली. विनू आता लग्नाकार्यात भेटतो, वाकून नमस्कार करतो. पूर्वी 'आई' म्हणायचा, आता 'काकूजी' म्हणतो.

मागच्या महिन्यात तोच सिनेमा टीव्हीवर लागला — हिंदीत. पंचाहत्तरीची काकू मटार सोलत बसली होती. रिमोट माझ्या हातात होता. पंचायत बसली, आणि लांडगीण स्वच्छ हिंदीत बोलली. काकूचे हात थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"हिंदीवाल्यांनी बदललं असेल, नाही रे?"

"हो," मी म्हणालो. "ते बदलतात."