पाट मी फिरवला

अमरावतीत बी.एस्सी.ला असताना कॉलेजच्या वाचनालयात एक जुनं इंग्रजी पुस्तक माझ्या हाती लागलं. विलायतेतले दाढीवाले विद्वान लोक आत्मे बोलावणाऱ्या बायांना खुर्चीला बांधायचे, गाठींवर लाख ओतायचे आणि लबाडी पकडायचे. मला दाढी नव्हती. बाकी सगळी लायकी आहे, अशी माझी खात्री पटली.

राजापेठेत आमच्या शेजारचे पेन्शनर मास्तर लोकांच्या घरी जाऊन प्लँचेट करत. पाटावर खडूनं एका टोकाला ‘हो’, दुसऱ्या टोकाला ‘नाही’, मध्ये पालथी वाटी. वाटीवर बोटं टेकायची, आत्म्याला प्रश्न विचारायचा, की वाटी सरकलीच.

समोरच्या काकूंचा मुलगा टायफॉईडनं गेला होता. त्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, अकोल्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जागा मिळाली. काकूंनी सांगून टाकलं, “तो हो म्हनीन, तरच हे जाईन.”

मास्तर आले. मीही गेलो, आणि परीक्षकाच्या थाटात अट घातली: वाटीवर बोट टेकणाऱ्या सगळ्यांचे डोळे बांधायचे. बांधले. मग मी गुपचूप पाट फिरवला. ‘हो’च्या जागी ‘नाही’ आलं. आत्मा खरा असेल तर त्याला फिरवलेला पाट दिसेलच, हे आमचं शास्त्र.

वाटी मोठ्या मायेनं सरकत गेली, जिथं आधी ‘हो’ होतं तिथंच.

“काढा पट्ट्या!” मी ओरडलो.

काकूंनी वाकून पाहिलं. “नाही म्हन्ते पोरगं.”

“काकू, तो नाही, हे मास्तर ढकलतात! पाट मी फिरवला!”

“तू फिरवला. पन तुले फिरवाची बुद्धी कोनं देल्ली? त्यानंच.”

मी पुन्हा समजावलं, पाट फिरवून दाखवला. जितकं सिद्ध करावं तितकी काकूंची श्रद्धा पक्की होत गेली.

मास्तर पट्टीची घडी घालत म्हणाले, “वाटी ढकलाची मले काय हौस होती काय रे? ते पोरगी मानसात आली असती.”

वहिनी माझ्याकडे वळल्या. “भाऊजी, पास झाले ना तुमी?”

आणि आत जाऊन त्यांनी अकोल्यासाठी भरून ठेवलेल्या ट्रंकेतली लुगडी एकेक बाहेर काढली. ट्रंक माळ्यावर चढवायला उंच माणूस हवा होता. काकूंनी मलाच हाक मारली. रिकामीच होती, चढवायला काही त्रास झाला नाही.