बन्सीदादाचा जूनमधला आकडा

तनुजा शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. माहेर सोयगावचं, शेतकऱ्याचं. बारा वर्षं रक्त तपासण्यात गेली होती आणि लॅबच्या डॉक्टर नीरजा तिच्या कामावर डोळे मिटून सही करत.

परवाच्या साली, भादव्यात, एका नळीवरचं नाव वाचून ती थबकली. गावातले शेजारी, कारभारीकाका. कपाशी फवारताना बांधावरच कोसळले होते. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तपासायचं होतं रक्तातलं एक एन्झाइम. ते काम करत असलं तर नळीत घातलेल्या रसायनाचे तुकडे करतं आणि पिवळा रंग चढत जातो. काकांच्या नळीत रंग चढलाच नाही. काका वाचले, पण अंगणात स्वतःच्या पायांनी यायला त्यांना दोन महिने लागले.

माणूस कोसळायच्या आधी हे कळायला हवं, एवढंच तनुजाच्या डोक्यात बसलं. नीरजाताईंनी सांगितलं की या एन्झाइमचा प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो, म्हणून फवारणी सुरू होण्याआधीचा आकडा हाती पाहिजे. पुढच्या जूनमध्ये ती बर्फाचा डबा घेऊन एसटीनं सोयगावला गेली आणि सहा फवारणीवाल्यांचं रक्त घेऊन आली. त्यांत तिचा थोरला भाऊ बन्सीही होता. धाकटीचा हट्ट म्हणून त्यानं दंड पुढं केला होता.

जूनमध्ये बन्सीचा आकडा होता नऊ हजार आठशे. ऑगस्टमध्ये पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा निघाला पाच हजार सहाशे. पाच हजारांच्या वर सगळं ठीक, असं मशीनचं म्हणणं, त्यामुळं रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून आलं. तनुजानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि लगेच फोन केला. नॉर्मल आहे तर घोर कशाला, म्हणत बन्सीनं तो हसण्यावारी नेला. शनिवारी सकाळी ती शेतात हजर झाली, तेव्हा तो पंप भरत होता. मागच्या फेरीत सांडलेल्या औषधानं सदऱ्याची पाठ ओली होती.

तिनं पंप उचलून आपल्या मागं ठेवला आणि बांधावर बसली.

“तनू, मला काय बी झालं नाय. जरा डोकं जड हाय, येवढंच.”

“दादा, पाच मिनिटं ऐक. मग तुझं तू ठरव.”

हात हलवायचा तर नस स्नायूला एक रसायन सोडून निरोप देते, तिनं सांगितलं. निरोप पोचला की ते रसायन तिथून हटलं पाहिजे, नाहीतर स्नायू आखडतच राहतो, श्वासाचासुद्धा. हटवायचं काम एन्झाइमचं, रक्तात तपासतात त्याच जातीच्या. त्याच्या अंगात एक बारीक खोबण असते. रसायन नेमकं तिच्यात बसतं, तिथंच तुटतं, तुकडे बाहेर पडतात आणि खोबण पुढच्यासाठी मोकळी होते. एका सेकंदात हजारो वेळा.

“हे फवारणीचं औषध त्याच खोबणीत जाऊन बसतं, आणि उठत नाय,” ती म्हणाली. “तुझ्या रक्तात जूनमध्ये शंभर खोबणी चालू होत्या असं धर. आता सत्तावन्न उरल्यात. त्या काम रेटतायत म्हणून तू उभा हायेस.”

बन्सीनं विचारलं, “मंग बाकीच्या मोकळ्या कधी व्हणार?”

“बहुतेक व्हतच नायत. शरीराला नवं एन्झाइम घडवावं लागतं. त्याला आठवडे लागतात.”

त्यानं पुन्हा पंपाकडं हात नेला नाही. सदरा तिथंच उतरवला आणि विहिरीवर साबण लावून अंग धुतलं. राहिलेलं रान त्या सहांतल्याच संघपालनं फवारायचं ठरलं. त्याचा आकडा जूनएवढाच होता. पाठीवर प्लॅस्टिक बांधल्याशिवाय पंप द्यायचा नाही, ही अट मात्र तनुजानं घातली. चार आठवड्यांनी बन्सी आठ हजारांवर आला होता.

सगळ्यांनीच असं ऐकलं नाही. सहांपैकी एकानं दुसऱ्यांदा रक्त द्यायलाच नकार दिला. तनुजा त्याला दर रविवारी फोन करायची. कधी तो उचलायचा, कधी नाही.

या जूनमध्ये डबा मोठा घ्यावा लागला. बन्सी शेजारच्या वस्तीत आधीच जाऊन आला होता आणि शाळेच्या ओसरीवर एकोणीस जण बाह्या दुमडून बसले होते. तनुजानं पहिल्या नळीवर नाव लिहिलं, तारीख घातली आणि पहिल्या माणसाला विचारलं, शेवटची फवारणी कधी केली होती.