देवासमोरचं नाटक, आणि अण्णांना एक प्रश्न

"आपल्या घरात कुणाच्या अंगात येत न्हाय," मी दहा वर्षांची असताना अण्णा, माझे वडील, म्हणाले होते. आजीने केलेल्या वर्णनावरून मी वहीत आजोबांचं चित्र काढलं होतं: खणांचा घागरा, कपाळभर मळवट, हातात असूड. वैरागच्या आसपास दारोदार फिरणारा पोतराज. अण्णांनी पान फाडलं नाही, नुसती वही मिटली. आम्ही बौद्ध. ते सगळं मागे टाकून त्यांनी गिरणीत नोकरी केली, मला शिकवलं.

आणि मी शिकले काय, तर चीनमधल्या देवळांतली नाटकं.

यंदा फुच्येन प्रांतातल्या एका डोंगरगावी गेले. मुंबईहून बँकॉकमार्गे शियामेन, पुढे चार तास बस. सेहेचाळिसाव्या वर्षी गुडघ्यांना प्रत्येक वळण कळतं. जाणार असाल तर फोनवरून पैसे देण्याची सोय करून जा, रोख फारसं कुणी घेत नाही. सकाळी तांदळाची पेज आणि शेंगदाणे मिळतात. चौथ्या दिवशी शेंगाचटणीच्या आठवणीने जीव कासावीस झाला.

रंगमंचाचं तोंड देवाकडे. मधल्या बाकांवर सहा म्हाताऱ्या आणि मी. भुतं हाकलणारा देव झालेल्या म्हाताऱ्या नटाला रंग उतरेपर्यंत कुणी नावाने हाक मारत नाही. खेळ संपल्यावर बायकोने ओल्या फडक्याने त्यांचा चेहरा पुसला, मग नाव घेऊन जेवायला बोलावलं.

"मुलाला का नाही शिकवलं?" मी विचारलं.

"तो कारखान्यात आहे. सुखात आहे," दुभाषी लिनने त्यांचं उत्तर सांगितलं.

विद्यापीठात कधीच न सांगितलेलं मी तिथे बोलून गेले. माझ्या आजोबांच्याही अंगात यायचं.

म्हातारबाबा सरसावले. कपाळ कोण रंगवायचं? पुसायचं कोण? नावाने पहिली हाक कुणाची?

माझ्याकडे नोंदींच्या अकरा वह्या होत्या. त्यांत आजोबांवर एक ओळही नव्हती. नवरा-बायको हसले. लिन संकोचून म्हणाली, "ते म्हणतात, घरी विचारायचं सोडून ही एवढ्या लांब आली?"

मी भवानी पेठेतल्या आमच्या घरी पोचले तेव्हा ऐंशीचे अण्णा बॅग घ्यायला पुढे आले. "लई दमलीस की गं. पायजे ते घावलं का?"

"व्हय," मी म्हणाले. खोटं.

आठवडा झाला, शीण उतरत नाही. अण्णा चष्मा लावून हा ब्लॉग वाचतात, म्हणून इथेच विचारते. समोर विचारलं तर पुन्हा वही मिटेल. अण्णा, तुम्ही टाकलंत ते मला उचलायचं नाही. 'न्हाय' म्हणाल, हेही ठाऊक आहे. तरी एवढंच सांगा: आजोबा गावं फिरून घरी आले की त्यांचा मळवट कोण पुसायचं? तुम्हीच का?