खालची खुर्ची धरणारे साळवे सर

आदरणीय मुरलीधर साळवे सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते छावणीतल्या आमच्या शाळेच्या सभागृहात. पाचोडहून येऊन मी नुकताच व्यायामशिक्षक म्हणून रुजू झालो होतो. सरांनी एकावर एक चार लाकडी खुर्च्या रचल्या होत्या आणि सर्वांत वर एक मुलगी हातांवर उभी होती. मीही चढतो म्हणालो. सरांनी विचारले, "भ्या वाटतंय का?"

"नाय वाटत, सर."

"मग ऱ्हाऊ द्या. आज तुम्हाला वर सोडत नाय."

चिनी कसरतींचा इतिहास हा सरांचा जन्माचा ध्यास. तरुणपणी शहरात आलेल्या एका चिनी पथकाचा खेळ त्यांनी पाहिला आणि तेव्हापासून मिळेल ते वाचून जुन्या वह्यांत टिपणे काढली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांतल्या दगडांवर बांबूवर चढणारे, दोरीवर चालणारे खेळाडू कोरलेले आहेत, हे आम्हाला त्यांनीच सांगितले. हान राजांच्या काळी या साऱ्याला 'शंभर खेळ' म्हणत. पुढे राजाश्रय गेला, कला रस्त्यावर आली, तरी खेळाडूंच्या घराण्यांनी ती टाकली नाही. सुगी सरली की शेतकरीसुद्धा घरातलेच माठ, ताटल्या आणि बाकडी घेऊन सराव करीत. हे सांगताना सर हमखास म्हणत, "वर चढणाऱ्याकडं सगळेच बघतात. खाली बांबू धरणाऱ्याचं नाव कुणी लिहिलं नाय."

सरांच्या वर्गाचा एक नियम आहे. वर जाणाऱ्याने आणि खालची खुर्ची धरणाऱ्याने, दोघांनीही आपापली भीती मोठ्याने सांगायची. कुणी म्हणते पोटात गोळा आलाय, कुणी म्हणते गुडघे कापताहेत. सांगून झाल्यावरच खेळ सुरू होतो.

हा नियम मी एकदा मोडला. त्या दिवशी खुर्ची माझ्या हातात होती आणि तळव्यांना घाम सुटला होता. पोरांसमोर लाज वाटली म्हणून मी "काही नाही" म्हणालो. खुर्ची सरकली. वरून येणारी मुलगी सरांनी अंगावर झेलली. तिला खरचटलेही नाही, पण सरांचा डावा खांदा निखळला. मी आठ दिवस शाळेत तोंड दाखवले नाही. नवव्या दिवशी हात गळ्यात बांधून सर स्वतः माझ्या खोलीवर आले, चहा मागून घेतला आणि म्हणाले, "घाम आला व्हता तर सांगायचं, एवढंच. उद्या ये." त्यांनी मला पुन्हा खुर्ची धरायला लावली. तेव्हापासून मी ताकही फुंकून पितो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

सरांच्या पंचाहत्तरीच्या सोहळ्यात माझी मुलगी मुक्ता पाचव्या खुर्चीवर हातांवर उभी राहणार आहे. खालची खुर्ची आपण स्वतःच धरणार, असा सरांचा हट्ट होता. त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती आणि मला तर अन्न गोड लागत नव्हते. गेल्या आठवड्यात सरावाला मुक्ताने नियमाप्रमाणे विचारले, "आजोबा, तुम्हाला भ्या वाटतंय का?"

सरांनी डाव्या हाताने खुर्चीचा पाय दाबून पाहिला. "व्हय. लई वाटतंय. डावा हात आता भरवशाचा नाय." मग त्यांनी मला बोलावले आणि माझे दोन्ही हात त्या खुर्चीवर ठेवले.

सरांचा हा गौरवग्रंथ आपल्या हाती येईल त्याच संध्याकाळी तो खेळ आहे. वर माझी लेक आणि खाली एकदा खोटे बोललेले माझे हात. सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, हे मागणे मी आज स्वतःसाठीही मागतो आहे. सर, मला भीती वाटते. तळव्यांना आत्तापासूनच घाम आला आहे. नियमाप्रमाणे सांगितले, आता तुम्ही माझ्या शेजारी उभे राहा.